क्वाड बाइक चालवताना लागणारी साधने आणि घ्यायची काळजी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: बरीच वर्षे रस्त्यावर मोटरसायकल चालवल्यानंतर आपण पुढे-मागे सामानाचे रॅक असलेली, साधारण 450 सीसीची क्वाड बाइक (कच्च्या वाटांसाठीची, हँडलने चालवायची चारचाकी उघडी गाडी) घेत आहात आणि ती कच्च्या वाटा, डोंगरउतार व ओढ्याकाठची जमीन यांवर चालवणार आहात. मोटरसायकलचे हेल्मेट आणि जॅकेट चालेल का, आणखी काय घ्यावे लागेल, मागे कुणाला बसवता येईल का आणि बारा वर्षांच्या मुलीला याच गाडीवर शिकवता येईल का, असे आपण विचारले आहे. मी ही वाहने दीर्घकाळ चालवत आणि शिकवत आलो आहे, त्यामुळे प्रत्येक मुद्द्याचे उत्तर देईन. मात्र खरेदीची यादी करण्यापूर्वी हे वाहन माणसाला इजा कशी करते, हे समजून घ्यावे लागेल, कारण कोणती वस्तू आधी घ्यायची आणि कोणती नंतर, हे त्यावरूनच ठरते.

मोटरसायकलवरून पडलेला माणूस बहुतेक वेळा गाडीपासून वेगळा होतो आणि घसरत जातो; त्यामुळे मोटरसायकलच्या जॅकेटमध्ये घर्षणाला टिकणाऱ्या कापडाला इतके महत्त्व असते. क्वाड बाइकचे तसे नाही. ती मंद वेगात, अनेकदा चालण्याच्या वेगात, कडेला किंवा मागे कलंडते आणि चालकाच्या अंगावर येते. आपण घेत आहात त्या प्रकारच्या गाडीचे वजन तीनशे किलोच्या आसपास असते. एवढे ओझे छातीवर किंवा पोटावर टेकले की बरगड्या हलू शकत नाहीत आणि श्वास घेता येत नाही. अंगावर एकही जखम नसताना काही मिनिटांत माणूस दगावू शकतो. याला हेल्मेट, जॅकेट किंवा बूट यांपैकी कशाचाही उपाय नाही. म्हणून साधनांचे दोन गट मनात वेगळे ठेवावेत: पडल्यावर होणारी इजा कमी करणारी साधने, आणि गाडी उलटू नये किंवा उलटली तरी अंगावर पूर्ण वजनाने बसू नये यासाठीची तजवीज. दुकानात पहिला गट मांडून ठेवलेला असतो. दुसऱ्या गटातील बऱ्याच गोष्टी विकत मिळत नाहीत.

चार चाके म्हणजे स्थैर्य, ही समजूत या वाहनाच्या बाबतीत फार घातक आहे. पूर्वी या जातीच्या तीनचाकी गाड्या मिळत असत. त्या इतक्या उलटत की 1988 मध्ये अमेरिकेत सरकार आणि उत्पादक यांच्यात झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार त्यांची विक्री थांबली. चौथ्या चाकामुळे परिस्थिती सुधारली, हे खरे; परंतु गाडीची उंची आणि रुंदी यांचे मूळ गणित बदलले नाही. अरुंद वाटेवरून जाता यावे म्हणून गाडी अरुंद ठेवलेली असते, दगडधोंड्यांवरून जावे म्हणून तिचे पोट उंच ठेवलेले असते, आणि त्यावर घोड्यावर बसल्यासारखा उंच बसलेला माणूस असतो. या माणसाचे वजन गाडीच्या एक-चतुर्थांशाइतके भरते. तो योग्य बाजूला सरकला तर गाडी सावरते, आणि पोत्यासारखा बसून राहिला तर तोच तिला उलटवतो.

मोटरसायकलस्वाराला येथे सर्वाधिक अडचण वळणावर येते. मोटरसायकल स्वतः वळणाच्या आतल्या बाजूला झुकते. क्वाड बाइक झुकत नाही, उलट बाहेरच्या बाजूला कलू पाहते. त्यात अनेक क्वाड बाइकच्या मागील दोन्ही चाकांना जोडणारा अ‍ॅक्सल अखंड असतो आणि त्यात डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा) नसते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते, पण दोन्ही चाके एकाच गतीने फिरत असल्यामुळे गाडी वळायला नकार देते आणि सरळ जाऊ पाहते. नवशिका मग हँडल आणखी फिरवतो, थ्रॉटल दाबतो, आणि पकड अचानक मिळाली की गाडी बाहेरच्या बाजूला उलटते. योग्य पद्धत अशी: वळणाआधीच वेग कमी करावा, धड आणि खांदे वळणाच्या आतल्या बाजूला न्यावेत, सीटवर थोडे आतल्या अंगाला सरकावे आणि बाहेरच्या फूटरेस्टवर पाय घट्ट दाबून धरावा. मोकळ्या, सपाट, मऊ जमिनीवर इंग्रजी आठच्या आकड्यात हळूहळू फेऱ्या मारत ही हालचाल अंगवळणी पडेपर्यंत डोंगराकडे जाऊ नये. त्याच कारणाने डांबरी रस्ताही टाळावा. तेथे चाकांना घसरायला वाव मिळत नाही आणि कमी दाबाचे रुंद टायर गाडीला अनपेक्षित ओढ देतात. रस्ता ओलांडायचाच असेल तर थांबून, काटकोनात आणि सावकाश ओलांडावा.

उताराच्या बाबतीत एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. ऑस्ट्रेलियाने क्वाड बाइकसाठी केलेल्या सुरक्षा मानकानुसार 11 ऑक्टोबर 2021 पासून विकल्या जाणाऱ्या सर्वसाधारण वापराच्या नव्या गाड्या कडेला किमान 28.8 अंश कलेपर्यंत दोन चाकांवर येता कामा नयेत. हा कोन ऐकून दिलासा वाटतो. पण तो स्थिर उभ्या गाडीचा, सपाट फळीवर मोजलेला कोन आहे. आता प्रत्यक्ष वाटेचा विचार करा. डाव्या आणि उजव्या चाकांच्या मध्यरेषांमधील अंतर 95 सेंटीमीटर धरले आणि आपण 20 अंशांच्या उतारावरून आडवे जात असताना वरच्या बाजूची चाके 15 सेंटीमीटर उंचवट्यावर चढली, तर कलात सुमारे 9 अंशांची भर पडते. म्हणजे 20 चे 29 झाले आणि फळीवरची मर्यादा संपली. सस्पेन्शन आणि मऊ टायर यातील काही भाग पोटात घालतात, हे मान्य. परंतु वेग असेल, खालच्या बाजूची चाके खड्ड्यात उतरली असतील किंवा रॅकवर ओझे असेल तर हिशेब उलट्या दिशेने आणखी बिघडतो. म्हणून उतार शक्यतो आडवा कापूच नये. सरळ वर चढावे किंवा सरळ खाली उतरावे. आडवे जाणे भागच असेल तर हँडल किंचित चढाकडे ठेवून, पार्श्वभाग सीटच्या चढाकडच्या बाजूला सरकवून, धड चढाकडे झुकवून मंद वेगाने जावे. गाडी खाली घसरू लागल्यास हँडल सावकाश उताराकडे वळवावे, आणि वळवणे शक्य नसल्यास चढाच्या बाजूने गाडी सोडून द्यावी. गाडी सोडून देण्याची मनाची तयारी आधीच असावी लागते. किमतीचा विचार त्या क्षणी करणाऱ्याचा पाय अडकतो.

वर उल्लेखलेल्या ऑस्ट्रेलियन मानकाने आणखी एक सक्ती केली: अशा गाड्यांवर चालक संरक्षक चौकट असलीच पाहिजे. ही चौकट चालकाच्या मागे उभी असते आणि गाडी उलटल्यावर जमीन व सीट यांच्यामध्ये थोडी पोकळी राखते, जेणेकरून पूर्ण वजन माणसावर येणार नाही. चौकटीचाच मार लागू शकतो, असा आक्षेप उत्पादकांकडून घेतला गेला आणि काही मोठ्या कंपन्यांनी त्या देशातील विक्री थांबवणे पसंत केले. माझे मत विचाराल तर सावकाश कामाच्या, रॅकवाल्या गाडीवर ही चौकट बसवावी, कारण अशा गाडीचे अपघात प्रामुख्याने मंद वेगात कलंडण्याचेच असतात. शर्यतीच्या हलक्या गाडीची गोष्ट वेगळी आहे. मात्र चौकट बसवली म्हणून स्वतःला पट्ट्याने गाडीशी बांधून घेण्याचा विचार चुकूनही करू नये. सीटबेल्ट हा चारही बाजूंनी पिंजरा असलेल्या, शेजारी बसायच्या वाहनांसाठी असतो, आणि क्वाड बाइकवर चालकाला गाडीपासून सुटता आलेच पाहिजे.

विकत घेण्याच्या वस्तूंमध्ये मी सर्वांत आधी एक स्वस्त आणि दुर्लक्षित वस्तू सांगतो: कमी दाबाचा प्रेशर गेज. क्वाड बाइकच्या टायरमधील हवेचा दाब अनेकदा 4 ते 7 पीएसआय इतकाच असतो. मोटारीच्या टायरसाठी बनवलेल्या गेजवर हा दाब काट्याच्या अगदी सुरुवातीला येतो आणि एका पीएसआयचा फरक दिसतच नाही. प्रत्यक्षात 5 पीएसआयच्या टायरमध्ये एक पीएसआय म्हणजे वीस टक्के फरक. डाव्या-उजव्या चाकांत एवढा फरक असला की गाडी एका बाजूला ओढते, ब्रेक लावताना तिरकी होते, आणि चालक हँडलला दोष देत बसतो. दहा किंवा पंधरा पीएसआयपर्यंतच मोजणारा गेज घ्यावा, टायर थंड असताना मोजावे आणि गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेला दाब पाळावा. पंपावरच्या मोठ्या कॉम्प्रेसरने हवा भरणे टाळावे. इतके छोटे आकडे त्याच्या आवाक्यातले नसतात.

आता हेल्मेट. आपले रस्त्यावरचे पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट प्रमाणित असेल, उदाहरणार्थ त्यावर ईसीई 22.06 सारख्या मान्य मानकाची खूण असेल, आणि ते नीट बसत असेल, तर सुरुवातीला ते अवश्य वापरा. त्याची अडचण सुरक्षिततेची नसून सोयीची आहे. क्वाड बाइकवर वेग कमी आणि शरीराची मेहनत जास्त असते. वारा मिळत नाही, काचेवर वाफ धरते, आणि मग माणूस काच उघडून धूळ व फांद्या तोंडावर घेत जातो. हनुवटीपुढे लांब निघालेले आणि वर छज्जा असलेले मोटोक्रॉस हेल्मेट यासाठीच असते: त्यात श्वासाला जागा मिळते, हवा खेळते, आणि डोळ्यांवर गॉगल स्वतंत्रपणे बसतो. परंतु विनामानक स्वस्त मोटोक्रॉस हेल्मेटपेक्षा आपले जुने रस्त्यावरचे हेल्मेट कधीही बरे.

हेल्मेट बसते की नाही, हे आरशात पाहून कळत नाही. डोक्यावर घालून पट्टा आवळा, मग दोन्ही हातांनी हेल्मेट डावीकडे-उजवीकडे फिरवा. हेल्मेटबरोबर गालांची आणि कपाळाची कातडी ओढली गेली पाहिजे, नुसते हेल्मेट फिरता कामा नये. त्यानंतर मान पुढे वाकवून मागच्या कडेला बोटे घाला आणि हेल्मेट वर, पुढच्या दिशेने लोटायचा प्रयत्न करा. ते भुवयांवर सरकले किंवा डोक्यावरून निघू लागले तर ते मोठे आहे, मग कितीही महाग असो. आतला थर्माकोलचा थर एकदाच दबण्यासाठी असतो. जोरदार आपटलेले हेल्मेट बाहेरून शाबूत दिसले तरी बदलावे, आणि कुणाचे वापरलेले हेल्मेट घेऊ नये, कारण ते कितीदा आणि कसे आपटले, हे विकणारा सांगत नाही.

गॉगलविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पॉलिकार्बोनेटची न फुटणारी काच, चेहऱ्याला सर्व बाजूंनी टेकणारा फोम आणि हेल्मेटवरून जाणारा रुंद पट्टा एवढे पाहावे. चष्मा असेल तर चष्म्यावर बसणारा गॉगल मिळतो. ऊनचष्मा हा पर्याय नव्हे. खालून येणारी धूळ एकदा डोळ्यांत गेली की पुढचे काही क्षण आपण आंधळे असतो, आणि तेवढ्यात गाडी पाच-दहा मीटर पुढे गेलेली असते.

बूट हा विषय मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण येथेच मोटरसायकलस्वाराची सवय त्याच्यावर उलटते. तोल गेला की पाय जमिनीवर टेकवायचा, हे आपल्या शरीरात वर्षानुवर्षे मुरलेले आहे. क्वाड बाइकवर पाय खाली टेकवला की गाडी पुढे सरकते आणि पायामागे काही अंतरावर असलेले रुंद, खडबडीत मागचे चाक टाचेवर चढते. चाक फिरत असल्याने ते टाच, मग पोटरी आपल्याखाली ओढून घेते. गुडघा मागे मुडपतो आणि माणूस चालत्या गाडीच्या मागे खेचला जातो. हे सर्व चालण्याच्या वेगात घडते. त्यामुळे पाय फूटरेस्टवरून कधीही न उचलण्याची सवय ही पहिली गरज आहे, आणि तिला आधार म्हणून असे बूट हवेत जे घोट्याच्या बरेच वर जातात, ज्यांचा तळवा जाड व ताठ आहे, ज्यांना स्पष्ट टाच आहे आणि ज्यांच्या लेसा कुठेही लोंबत नाहीत. मोटोक्रॉसचे बक्कलवाले बूट उत्तम; ते कडक वाटतात आणि ब्रेकचा पेडल पायाला जाणवायला थोडा सराव लागतो. रॅकवाल्या गाड्यांना पायाखाली पूर्ण पत्रा असतो, तो मागच्या चाकापर्यंत अखंड आहे का ते पाहावे. हलक्या स्पोर्ट गाड्यांवर फूटरेस्ट आणि मागचे चाक यांच्यामधली जागा नळीच्या चौकटीने व जाळीने भरून घ्यावी.

अंगावरच्या कवचात एक फरक विक्रेते क्वचितच सांगतात. बाजारात मिळणारी प्लास्टिकची पुष्कळ छाती-कवचे पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेल्या दगडांपासून वाचवण्यासाठी असतात. त्यांचे युरोपीय मानक ईएन 14021 आहे. ती आपटण्याचा धक्का शोषत नाहीत. पाठीच्या कवचासाठी ईएन 1621-2 आणि छातीसाठी ईएन 1621-3 ही खूण शोधावी. पाठीच्या कवचात दोन पातळ्या असतात: प्रमाणित आघातानंतर पलीकडे पोहोचणारे सरासरी बल पहिल्या पातळीत 18 किलोन्यूटनपेक्षा आणि दुसऱ्या पातळीत 9 किलोन्यूटनपेक्षा जास्त नसते. म्हणजे दुसरी पातळी निम्मे बल पोहोचू देते; जाडी थोडी वाढते, पण ती घ्यावी. कोपर आणि गुडघ्यांची कवचे ईएन 1621-1 ची असावीत. आपले मोटरसायकल जॅकेट या कवचांसकट असेल तर थंड हवामानात चालेल. उन्हात मात्र ते नकोसे होईल, आणि जी वस्तू घालावीशी वाटत नाही ती घरीच राहते. त्यापेक्षा जाळीदार कवच-शर्ट आणि त्यावर पूर्ण बाह्यांची सैलसर जर्सी बरी. हातमोजे पातळ, बोटे झाकणारे आणि पकड देणारे असावेत. मफलर, लांब पदर, मोकळे केस या गोष्टी अ‍ॅक्सलमध्ये गुंडाळल्या जाऊ शकतात.

गाडीवर असलीच पाहिजे अशी आणखी एक छोटी वस्तू म्हणजे दोरीचा किल स्विच. दोरीचे एक टोक मनगटाला किंवा कमरपट्ट्याला, दुसरे गाडीवरच्या स्विचला. चालक गाडीपासून दूर फेकला गेला की इंजिन बंद पडते. हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल दगडावर आदळताना चुकून दाबला जातो आणि चालक नसलेली गाडी चिखलात किंवा फांदीत अडकून चाके फिरवत राहू शकते. थ्रॉटलची तपासणी दर वेळी इंजिन सुरू करण्याआधी करावी: हँडल सरळ ठेवून अंगठ्याने दाबा आणि सोडा, मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पुन्हा तेच करा. तिन्ही वेळा लिव्हर टक्‌ आवाज करत मागे आला पाहिजे. सरळ हँडलला ठीक वाटणारी केबल पूर्ण वळणावर ताणली जाऊन थ्रॉटल उघडा ठेवते, आणि हे कळण्याची सर्वांत वाईट जागा म्हणजे अरुंद वळण. त्याच फेरीत दोन्ही ब्रेक, चाकांचे नट, साखळीचा किंवा शाफ्टच्या रबरी आवरणाचा भाग आणि तेल-इंधन पाहून घ्यावे.

चढ चढताना वजन पुढे न्यावे. चढ तीव्र असेल तर फूटरेस्टवर उभे राहून हँडलवर झुकावे, आणि पलीकडे काय आहे हे दिसत नसेल तर माथ्यावर वेगाने जाऊ नये. बहुतेक अनर्थ चढ अर्ध्यावर सुटल्यानंतर होतात. इंजिन दमत आहे असे वाटताच खालचा गिअर घ्यावा. तरीही गाडी थांबली तर वजन चढाकडेच ठेवून ब्रेक धरावा, पार्किंग ब्रेक लावावा आणि चढाच्या बाजूने उतरावे. गाडी मागे घरंगळू लागली असेल तर मागचा ब्रेक एकदम दाबणे हे उलटण्याला आमंत्रण आहे: मागची चाके उताराच्या बाजूला असतात, ती जागीच थबकली की पुढचा भाग त्यांच्यावरून मागे येतो, आणि त्याखाली आपण असतो. आधी पुढचा ब्रेक हळूहळू दाबावा, वजन पुढे ठेवावे, गाडी पूर्ण थांबल्यावरच मागचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक. काही गाड्यांत एकाच लिव्हरने चारही चाकांचे ब्रेक लागतात, तेव्हा आपल्या गाडीत कोणता लिव्हर काय करतो ते सपाट जमिनीवर आधी पाहून ठेवावे. उतरताना वजन मागे, गिअर खालचा, आणि वेग शक्यतो इंजिनाच्या ओढीने आवरलेला असावा. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतार उतरू नये.

ओढा ओलांडताना नियम साधा आहे: ज्या पाण्यातून चालत जाण्याची आपली तयारी नाही, त्यात गाडी घालू नये. काठीने खोली आणि तळ तपासावा. पाणी फूटरेस्टपर्यंत येत असेल तर परत फिरावे, कारण फुगीर टायर तरंगू लागतात आणि वाहते पाणी गाडी बाजूला ढकलते. बाहेर आल्यावर ब्रेक हलकेच लावत काही अंतर जाऊन ते कोरडे करावेत. पाण्यात इंजिन बंद पडले तर लगेच स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

मागे कुणाला बसवावे का, याचे उत्तर नाही असे आहे. सीट लांब असते ती चालकाला पुढे-मागे सरकता यावे म्हणून. दुसऱ्या माणसाने ती जागा अडवली की चढ, उतार आणि वळण यांसाठी आतापर्यंत सांगितलेली प्रत्येक हालचाल अशक्य होते. दोघांसाठी बनवलेल्या गाड्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर, लांब असतो आणि तसे पट्टीवर लिहिलेले असते. सामानाचीही मर्यादा त्याच पट्टीवर असते. ओझे खाली, मधोमध आणि घट्ट बांधलेले असावे. अर्धी भरलेली पाण्याची टाकी ही सर्वांत फसवी, कारण वळताना पाणी नको त्या बाजूला धावते. काही ओढायचे असेल तर फक्त मागच्या हुकाला बांधावे. रॅकला दोर बांधून ओढल्यास गाडी मागच्या मागे उभी राहते.

मुलीच्या बाबतीतही उत्तर स्पष्ट आहे: या गाडीवर नाही. 1988 च्या त्याच तडजोडीत 90 सीसीपेक्षा मोठ्या गाड्या 16 वर्षांखालील मुलांसाठी नसल्याचे ठरले होते. पुढे अमेरिकी मानकाने वयोगट सीसीऐवजी वेगावरून आखले. दहा वर्षांपुढील गटासाठीच्या गाडीचा कमाल वेग सुमारे 48 किलोमीटर आणि विक्रीच्या वेळी बसवलेली वेगमर्यादा सुमारे 24 किलोमीटर असते. मुद्दा धीटपणाचा नाही. चाळीस किलोच्या मुलीने तीनशे किलोच्या गाडीवर कितीही कसोशीने वजन सरकवले तरी गाडीला ते जाणवत नाही, आणि उलटलेली गाडी ती अंगावरून हलवू शकत नाही. तिच्या वयोगटाची गाडी घ्या. ती सीटवरून उठून उभी राहिली तर दोन्ही पाय फूटरेस्टवर सपाट टेकून सीट आणि तिच्यामध्ये थोडे अंतर राहते का, पूर्ण वळलेल्या हँडलची दूरची मूठ तिच्या हातात येते का, हे पाहा, आणि वेगमर्यादेचा स्क्रू हलवण्याची घाई करू नका.

सोबत न्यायच्या वस्तूंमध्ये काय अंगावर आणि काय गाडीवर, हे ठरवणे वस्तूंच्या यादीइतकेच महत्त्वाचे आहे. गाडी दरीत गेली किंवा आपण तिच्याखाली अडकलो, तर रॅकवरच्या पेटीतील फोनचा उपयोग नाही. फोन, शिटी, टूर्निकेट (रक्तस्राव रोखण्यासाठी हातापायावर आवळायचा पट्टा), रक्त थांबवण्याची दाबपट्टी आणि नेटवर्क नसलेल्या भागात उपग्रहामार्गे संदेश पाठवणारे उपकरण हे सर्व हाताला लागेल असे अंगावर असावे, तेही छातीच्या किंवा पुढच्या खिशात. पाठीवरच्या पिशवीत पाणी चालेल; पाने, पंप अशी कडक हत्यारे मणक्यावर ठेवू नयेत. गाडीवर पंक्चर दुरुस्तीचे साहित्य, छोटा पंप, हत्यारे, ओढण्याचा पट्टा, बेल्ट ड्राइव्हची गाडी असल्यास जादा बेल्ट आणि जास्तीचे पाणी एवढे पुरते. विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) असेल तर ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणालाही उभे राहू देऊ नये आणि त्यावर जाड कापड किंवा वजनदार पिशवी टाकावी.

एकटे जाऊ नये. दोन गाड्या असतील तर पुढच्याची धूळ बसेपर्यंत मागच्याने थांबावे. धुळीत घुसणारा चालक पुढे थांबलेल्या गाडीवर आदळतो. वाळूच्या टेकड्यांवर लांब काठीला झेंडा लावावा, म्हणजे माथ्यापलीकडून येणाऱ्याला गाडीच्या आधी तो दिसतो. वाळलेल्या गवतातून जाताना एक्झॉस्टजवळ अडकलेला काडीकचरा अधूनमधून काढावा आणि तापलेली गाडी गवतावर उभी करू नये. ठिणगी अडवणारा स्पार्क अरेस्टर काढून टाकलेली जुनी गाडी तर घेऊच नये.

सोबत्यावर गाडी उलटलीच, तर इंजिन बंद करून आधी त्याच्या छातीवरचे आणि मानेवरचे ओझे हटवावे. जखमा तपासणे, फोन करणे, फोटो काढणे हे सगळे त्यानंतर. गाडी एकट्याने उचलण्याऐवजी एका बाजूने, चाक किंवा रॅक धरून, ज्या दिशेने ती पुन्हा अंगावर येणार नाही त्या दिशेने लोटावी. उतारावर असाल तर चाकामागे दगड लावायला विसरू नये. छाती मोकळी झाली आणि श्वास चालू असेल, तर त्याला उभे करण्याचा प्रयत्न न करता आहे तसे राहू द्यावे, मान हलू देऊ नये. श्वास चालू असेपर्यंत हेल्मेट डोक्यावरच ठेवावे. श्वास थांबला असेल तर दोघांनी मिळून हेल्मेट काढावे: एकाने खालून मान आणि जबडा स्थिर धरायचा, दुसऱ्याने पट्टा सोडवून हेल्मेटच्या दोन्ही कडा बाहेर ताणत ते सरळ रेषेत ओढायचे. ही कृती घरी, गादीवर पडलेल्या निरोगी माणसावर, ज्यांच्याबरोबर आपण जाणार आहात त्यांच्यासोबत आधीच करून पाहावी.